भाचा विचारतो, बायनॉक्युलर घेऊ की स्पॉटिंग स्कोप

चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) दुसऱ्या दिवशी रात्री साडेअकराला भाच्याचा व्हिडिओ कॉल आला, तिकडं तेव्हा संध्याकाळचे सात. तो स्कॉटलंडला ॲविमोरजवळ एका हॉटेलच्या किचनमध्ये आहे, दोन वर्षं झाली, यंदाही चवथीला येता आलं नाही त्याला, त्यामुळं आधी माटोळी (गणपतीवर टांगलेली फळाफुलांची आरास) दाखवून झाली, मग आजीशी बोलून झालं, नेवऱ्या (करंज्या) कुणी तळल्या ते विचारून झालं आणि शेवटी म्हणाला मामा, आता तुझ्याशी काम आहे. त्यांच्या हॉटेलला हरणाचं मांस देणारा एक स्टॉकर आहे, म्हणजे डोंगरावर हरणांच्या शिकारीचं काम बघणारा नोकरीवरचा माणूस, आणि तो ऑक्टोबरमध्ये याला एक दिवस बरोबर डोंगरावर नेणार आहे, बंदूक याच्या हातात नाही, याचं काम शोधणं आणि नंतर मारलेलं हरीण ओढायला हात लावणं. तर प्रश्न असा की बायनॉक्युलर (दोन डोळ्यांची, हातात धरायची दुर्बीण) घेऊ की स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्यानं बघायची, ट्रायपॉडवर लावायची मोठी दुर्बीण), दोन्ही घेण्याएवढे पैसे नाहीत.

मी त्याला तासभर उत्तर दिलं. नंतर वाटलं हे लिहूनच ठेवावं, कारण हाच प्रश्न मला इथं गोव्यात, वाळपयीला, पणजीला, पक्षी बघायला येणाऱ्या नव्या पोरांकडून दर दोन महिन्यांनी येतो, फक्त त्यांना शिकार करायची नसते, बघायचं असतं. शोधायचं काम मात्र दोघांचं एकच.

शिकारीबद्दल आधी बोलून घेतो. आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे आणि ती बंदच राहावी असं मला मनापासून वाटतं. आमच्या सत्तरी तालुक्यात शिकारीला पारध म्हणतात, आजोबांच्या काळात ठासणीची बंदूक घरात होती, पारधीच्या गोष्टी ऐकतच मी मोठा झालो, पण आज आपल्या रानात मेरू (सांबराला आमच्याकडं मेरू म्हणतात) किती कमी दिसतो ते मी दर मोसमात बघतोय. स्कॉटलंडची गोष्ट वेगळी आहे. तिथले लांडगे कधीच संपले, लाल हरणांना खाणारं दुसरं कुणी उरलं नाही, ती इतकी वाढली की नवीन झाडाचं रोप वरच येऊ देत नाहीत, म्हणून ठरवून संख्या कमी करावी लागते आणि ते मांस लोक खातात. पूर्वी तिथं नरांची शिकार १ जुलै ते २० ऑक्टोबर एवढीच करता यायची, २०२३ मध्ये नरांसाठीचा बंदीचा काळ काढून टाकला, माद्यांचा हंगाम २१ ऑक्टोबर ते १५ फेब्रुवारी. भाच्याला मी जा म्हणून सांगितलं, नीट बघ, शिक.

आता मुद्द्यावर. मी स्वतः या प्रश्नाचं उत्तर चुकीचं दिलं होतं आणि त्यात माझे पैसे आणि एक अख्खा हिवाळा गेला. २०१५ साली दिवाळीच्या बोनसमध्ये सोसायटीची उचल घालून मी २०-६०×८० चा (म्हणजे वीस ते साठ पट मोठं दाखवणारा, पुढची काच ८० मिलिमीटर व्यासाची) स्पॉटिंग स्कोप घेतला, दुकानदार म्हणाला साठपट मोठं दिसतं, मला वाटलं साठपट म्हणजे दहापटीपेक्षा सहापट चांगलं. पहिल्याच शनिवारी सुर्लच्या सड्यावर (डोंगरमाथ्याच्या खडकाळ पठारावर) गेलो, समोर दरी, पलीकडं जंगलाचा उतार, मधेमधे गवताचे उघडे पट्टे. बरोबर वाळपयीचा मित्र, त्याच्या गळ्यात त्याच्या काकांची जुनी ८×४० ची बायनॉक्युलर, चामडं सुटलेली. मी ट्रायपॉड लावून, स्कोप फिरवून, एक डोळा मिटून बघतोय बघतोय आणि तो दहा मिनिटांत म्हणतो त्या उंबराच्या खाली डावीकडं मेरवाची मादी बसलीय. मला ती सापडेपर्यंत उठून गेली. असं एकदा नाही, सलग तीन शनिवार झालं. चौथ्या शनिवारी मी त्याची बायनॉक्युलर मागून घेतली, गुडघ्यावर कोपर टेकवून बसलो आणि अर्ध्या तासात एक भेकर आणि दोन गवे स्वतः शोधले.

का असं होतं ते नंतर हिशोब करून कळलं. १०×४२ च्या बायनॉक्युलरमधून एक किलोमीटरवर साधारण ११० मीटर रुंदीचा तुकडा एका वेळी दिसतो, ८×४२ असेल तर १३०-१४० मीटर. माझ्या स्कोपमधून सगळ्यात कमी म्हणजे २० पटीला जेमतेम ३८ मीटर आणि साठला नेलं की वीसच्याही आत. रुंदी जवळजवळ तिप्पट म्हणजे क्षेत्र आठपट, म्हणजे जो उतार बायनॉक्युलरवाला एका नजरेत घेतो तोच मला स्कोपनं आठ तुकड्यांत बघायचा, आणि त्या आठांतल्या सातव्या तुकड्यात मी असताना पहिल्या तुकड्यात कुणी कान हलवला तर तो मला कळणारच नाही. जनावर दिसतं ते बहुतेक वेळा हालचालीवरून दिसतं, आणि हालचाल पकडायला मोठं चित्र लागतं, मोठं जनावर नाही.

दुसरं, दोन डोळे. दोन डोळ्यांनी बघताना झाडाच्या पुढचं काय आणि मागचं काय ते लगेच सुटं होतं, एका डोळ्यानं सगळं एकाच कागदावर चिकटवल्यासारखं दिसतं, आणि वीस मिनिटांत तो डोळा दुखायला लागतो, दुसरा मिटून मिटून गाल आखडतो. (स्कोप वापरणाऱ्यांनी दुसरा डोळा मिटू नये, उघडाच ठेवून हातानं नाहीतर टोपीनं झाकावा, फार फरक पडतो.) डोंगरावर जाणारा माणूस दिवसाचे तीन-चार तास नुसता काचेतून बघत असतो, तिथं डोळा टिकला नाही तर पुढचं काहीच नाही.

आणि बघायचं कसं हे कुणी सांगत नाही. नवीन माणूस अख्खं हरीण शोधतो, शिंगांसकट, फोटोत असतं तसं. तसं ते कधीच नसतं. झाडं सगळी उभी असतात, त्यात एक आडवी रेघ दिसली की थांबायचं, ती पाठ असू शकते. मेरवाचे कान मोठे, गोल, माश्या हाकलायला सारखे हलतात, तेवढा एक कान दिसला तरी पुरतं. मी उताराचे मनात चौकोन पाडतो, वरच्या डाव्या कोपऱ्यातून सुरू, एका जागेवर बायनॉक्युलर धरायची, ती हलवायची नाही, चित्राच्या आत नुसते डोळे फिरवायचे, मग थोडी सरकवायची, आधीच्या चित्राचा थोडा भाग पुन्हा येईल एवढीच. खालपर्यंत झालं की पुन्हा वरून. पहिल्या फेरीत काही नव्हतं म्हणजे तिथं काही नाही असं अजिबात नाही, बसलेलं जनावर उठतं, सावली सरकते, तिसऱ्या फेरीत तिथंच दोन निघतात.

आता उजेडाचं. मेरू काय, लाल हरीण काय, ही जनावरं पहाटे आणि तिन्हीसांजेला चरायला बाहेर येतात, म्हणजे आपल्याला काच लागते तीच मुळी अंधुक उजेडात. इथं एक साधा भागाकार आहे, पुढच्या काचेचा व्यास भागिले पट, जे उत्तर येतं तेवढ्या मिलिमीटरचा उजेडाचा ठिपका डोळ्यापर्यंत येतो. ८×४२ ला सव्वापाच, १०×४२ ला ४.२. माझ्या ८० च्या मोठ्या स्कोपला २० पटीवर ४, म्हणजे ठीक, पण साठवर १.३. अंधारात तरुण माणसाची बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते, वय वाढलं की पाचच्या आसपास, तिथं सव्वा मिलिमीटरच्या ठिपक्यानं काय दिसणार, काळोखच दिसतो. साठपट पूर्ण वापरता येतो तो चांगल्या उजेडात, आणि चांगल्या उजेडात जनावर झाडीत जाऊन बसलेलं असतं.

त्यात आपल्या गोव्याची आणखी एक गंमत आहे, सह्याद्री आपल्या पूर्वेला. खालून, सत्तरीच्या गावातून सकाळी डोंगराकडं काच लावली की सूर्य डोंगरामागून थेट काचेत येतो आणि उतार सगळा काळा. त्यामुळं खालून बघायचं तर संध्याकाळ, सूर्य आपल्या पाठीला समुद्राच्या बाजूला असतो आणि समोरचा उतार झाड न् झाड उजळतो. सकाळचं बघायचं असेल तर वर सड्यावर जाऊन खाली बघायचं, धुकं उतरेपर्यंत थांबायची तयारी ठेवायची. हे मी भाच्यालाही सांगितलं, की तिथं पोचल्यावर पहिलं विचार, सूर्य कुठून येतो आणि वारा कुठून. आजोबा विडीचा धूर कुठं जातो ते बघून बसायची जागा ठरवायचे, हरणाच्या नाकापुढं कुठलीच काच टिकत नाही.

मग स्कोप टाकून द्यायचा का. नाही, अजिबात नाही, माझ्याकडं तो अजून आहे आणि मी तो जपतो. स्कोपचं काम शोधणं नाही, सापडलेलं ओळखणं. बायनॉक्युलरमध्ये दिसलं की तिकडं एक तपकिरी ठिपका आहे, हरीण आहे एवढं नक्की, पण नर की मादी, शिंगं कशी, पोटाशी पाडस आहे का, पाय लंगडतोय का, हे दीड किलोमीटरवरून सांगायला ३० पट, ४० पट लागतेच. अमेरिकेत रॉकी पर्वतात म्यूल डिअर आणि एल्क या हरणांची शिकार करणारे लोक स्कोप वाहून नेतात त्याचं मोठं कारण हेच, कोलोराडोत बऱ्याच भागांत एल्कच्या नराला एका शिंगाला चार टोकं असली तरच, किंवा कपाळाजवळचा फाटा पाच इंचांचा असला तरच मारता येतो, म्हणजे टोकं मोजल्याशिवाय पुढं जाताच येत नाही. आणि ती मोजायला दरी उतरून पलीकडं चढायचं म्हटलं तर अर्धा दिवस गेला, स्कोपनं तेच बसल्या जागी दोन मिनिटांत होतं. जिथं चालणं वाचतं तिथं स्कोपचे पैसे वसूल.

इथं गोव्यात स्कोपची खरी जागा डोंगर नाहीच. करमळीच्या तळ्यावर हिवाळ्यात बदकं उतरतात तेव्हा, चोडणच्या खाजणात (खाऱ्या पाण्याच्या दलदलीच्या शेतात), मोरजीच्या किनाऱ्यावर कुरव आणि चिखल्या बसतात तेव्हा, जनावर समोर उघड्यावर आहे, हलत नाही, आपल्याला फक्त चोच नि पायाचा रंग बघायचाय, तिथं स्कोपसारखं सुख नाही. शाळेची पोरं नेतो मी करमळीला, एकेकाला स्कोपला डोळा लावायला देतो, ते जे तोंडातून आऽ निघतं ना त्यासाठी मी तो चार किलोचा बोजा आजही उचलतो.

चार किलो म्हणजे स्कोपबरोबर ट्रायपॉडही आला. ट्रायपॉडशिवाय स्कोप म्हणजे काहीच नाही. चांगली १०×४२ बायनॉक्युलर सातशे-आठशे ग्रॅमची, ८० चा स्कोप सगळं धरून दीड-दोन किलो आणि त्याखाली तेवढ्याच वजनाचा ट्रायपॉड, हलका घेतला तर वाऱ्यात थरथरतो आणि ४० पटीत ती थरथरही ४० पट दिसते. ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडायचे नाहीत, मधली दांडी वर काढायची नाही, खाली बसून बघायचं आणि बॅग मधल्या हुकाला टांगायची. स्कॉटलंडच्या डोंगरावर झाडं नाहीत, वारा नुसता अंगावर येतो म्हणतो भाचा, तिथं हे सगळं दुप्पट लागू.

आपल्याकडं दुसरी अडचण, तापलेल्या जमिनीची. डिसेंबर-जानेवारीतसुद्धा नऊ-साडेनऊ वाजले की जांभ्याच्या सड्यावरून हवा थरथरत वर येते आणि ४० पटीत समोरचा उतार पाण्याखाली असल्यासारखा हलतो. तेव्हा पट वाढवून काही मिळत नाही, उलट २५ वर आणली तर निदान कडा तरी दिसतात. नवीन लोक या वेळी स्कोपला दोष देतात, काच धुरकट आहे म्हणतात, काच चांगली असते, मधली हवा वाईट असते.

या दोन्हींच्या मधला एक मार्ग आहे तो मला फार उशिरा कळला, बायनॉक्युलरच ट्रायपॉडवर लावायची. बहुतेक चांगल्या बायनॉक्युलरला पुढच्या बाजूला मधोमध एक छोटं झाकण असतं, ते फिरवून काढलं की आत आटे असतात, तिथं एक साधा अडॅप्टर बसतो. मी पहिल्यांदा लावलं तेव्हा विश्वासच बसेना, तीच १०×४२, तोच उतार, पण हात नाही म्हणून थरथर नाही, आणि जे गेल्या वर्षभरात दिसलं नव्हतं ते दिसायला लागलं, गवतातलं पिसोरीएवढं (सशाएवढं छोटं हरीण) काहीतरी हललेलंही कळलं. रॉकीतले शिकारी तर यासाठी मुद्दाम १५×५६ ची मोठी बायनॉक्युलर घेतात. पण पोराला एवढ्यात नको ते. त्याच्याकडं फोटोचा ट्रायपॉड आहेच, अडॅप्टर घे म्हटलं, बस्स. आणि तोही नसेल तर काठी उभी धरून तिच्यावर हात टेकवायचा, नाहीतर बॅगला पाठ लावून पडायचं आणि कोपरं छातीवर.

ही पडायची गोष्ट सांगितली तेव्हा भाचा म्हणाला, मामा तो स्टॉकर असाच बघतो! त्याच्याकडं पितळेची जुनी ओढून लांब करायची दुर्बीण आहे, तीन नळ्यांची, त्याच्या आजोबांची, उताणा पडून गुडघा वर करून, काठीवर टेकवून बघतो. मला हे ऐकून फार आनंद झाला, कारण मी त्याबद्दल वाचलं होतं. स्कॉटलंडच्या डोंगरातल्या स्टॉकर आणि त्यांच्या मदतनिसांना घेऊन लॉर्ड लोवाट यांनी १९०० साली बोअर युद्धासाठी लोवाट स्काउट्स ही पलटण उभी केली, ती याच लोकांच्या नजरेसाठी आणि दुर्बिणीसाठी. पुढं पहिल्या महायुद्धात त्यांतून दुर्बिणीनं टेहळणी करणारे आणि नेमबाज तयार झाले. हरीण शोधणाऱ्या माणसाची नजर ही केवढी मोठी विद्या आहे! म्हणून भाच्याला म्हटलं, त्याच्याकडं ती दुर्बीण आहे म्हणजे तुमच्या जोडीत स्कोप आधीच आहे, तू दुसरा स्कोप नेऊन काय करणार, तू शोध आणि तो ओळखेल. तिथं गोळी झाडायची ती दोनशे मीटरच्या आत जाऊन, शेवटचा भाग ओल्या गवतातून सरपटत, त्यात पाठीवर स्कोप-ट्रायपॉड म्हणजे नुसती अडचण. कुठला म्हातारा नर, कुठला अशक्त, काय मारायचं काय सोडायचं हा निर्णय त्या माणसाचाच.

एक गोष्ट मात्र मी त्याला दोनदा बजावली. बंदुकीवर जी दुर्बीण असते तिच्यातून इकडंतिकडं बघायचं नाही आणि कुणी तशी हातात दिली तरी घ्यायची नाही. ती ज्याच्याकडं वळते त्याच्याकडं नळीही वळते, आणि पलीकडच्या उतारावर जे तपकिरी दिसतंय ते जाकीट घातलेला माणूसही असू शकतो.

बाकी ८ की १० हा प्रश्न राहिला. इथं रानात मी ८×४२ वापरतो, झाडं जवळ, जनावर अचानक समोर, मोठं चित्र लागतं, हातही कमी थरथरतो. उघड्या डोंगराला मी १० च म्हणेन, अंतरं मोठी आहेत. १२ हातात धरून नको. आत नायट्रोजन भरलेली, पाणी न शिरणारी हवी, त्याच्याकडं वर्षभर पाऊस आणि आपल्याकडं चार महिने असा पाऊस की काचेला बुरशी धरते, माझा एक चांगला लेन्स २०१९ च्या पावसाळ्यात असाच गेला. पोराला चष्मा आहे, त्यामुळं डोळा काचेपासून पंधरा-सोळा मिलिमीटर लांब ठेवूनही पूर्ण चित्र दिसायला हवं, ते घेताना चष्मा लावूनच बघायचं, रबरी कडा खाली दुमडून. आणि उजव्या डोळ्यापाशी जे फिरणारं कडं असतं, दोन डोळ्यांच्या नजरेतला फरक भरून काढणारं, ते लावून घ्यायचं, आधी उजवा झाकून मधल्या चाकानं डाव्यानं स्पष्ट करायचं, मग डावा झाकून कडं फिरवून उजव्यानं. हे न करता वर्षानुवर्षं डोकं दुखतं म्हणणारे लोक मी बघितलेत. गळ्यातला पट्टा काढून छातीवर बसणारा हार्नेस लावायचा, सरपटताना लोंबत नाही.

एवढं सगळं बोलून झाल्यावर तो म्हणाला, ठीक आहे मामा, पगार झाला की बघतो. मला रात्रभर झोप नाही आली. सकाळी कपाट उघडलं, माझी १०×४२ काढली, काचा फुंकणीनं साफ केल्या, आधी फुंकायचं मग पुसायचं, धुळीवर कापड घासलं की ओरखडे. माझ्याकडं ८ ची आहे, माझं इथं भागतं. आमच्या वाड्यावरची एक मुलगी पुढच्या आठवड्यात एडिनबर्गला शिकायला निघालीय, तिच्या आईला विचारून तिच्या केबिन बॅगेत जागा मिळवली. डब्यात सिलिका जेलच्या चार पुड्या, अडॅप्टर, हार्नेस आणि आजीनं दिलेल्या दहा नेवऱ्या वेगळ्या डब्यात. त्याला मेसेज टाकलाय की घेऊ नकोस काही, येतेय, आणि डोंगरावर जायच्या आधी आठवडाभर रोज संध्याकाळी हॉटेलच्या मागच्या उतारावर अर्धा तास बसून मेंढ्या मोज, किती बसलेल्या आणि किती उभ्या ते मला कळव. काल पहिला आकडा आला, साध्या डोळ्यांनी मोजलेल्या, एकवीस उभ्या, बसलेल्या दोन. बसलेल्या नक्की जास्त आहेत, दुर्बीण पोचली की पुन्हा मोजायला सांगितलंय.